आमचे चाचे

आमच्या घरी २०२५ च्या मार्च महिन्यात भांडण झाले ते एका जर्सीवरून. तसे ते मोठे नव्हते. कपबशी फुटली नाही, की कोणी उपाशी निजले नाही. पण माझा मुलगा, जो एरव्ही माझ्यापुढे आवाज चढवीत नाही, तो त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, माझं जे केलंत ते त्याचं करू नका."

'त्याचं' म्हणजे माझ्या नातवाचे. नातू नऊ वर्षांचा. त्याला पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाची जर्सी हवी होती. पाठीवर ३० हा आकडा आणि वर 'स्कीन्स' हे नाव. आजोबांनी ती आणून द्यावी, एवढेच त्याचे मागणे. आता मुलाचे मी असे काय केले होते, असे कोणी विचारील. मी त्याला मारले नाही, की मनाविरुद्ध डॉक्टर व्हायला लावले नाही. तो पाच वर्षांचा असताना त्याला मांडीवर घेऊन मी या संघाचे सामने दाखवले, एवढाच माझा अपराध. त्याचे फळ तो पुढे वीस वर्षे भोगत होता.

बेसबॉलशी आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना काही कर्तव्य नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. हा खेळ क्रिकेटचा चुलतभाऊ. चेंडूफळी आहे, धावा आहेत, झेल आहेत. एका सामन्यात दोन्ही बाजूंचे नऊ-नऊ डाव, आणि मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक संघाचे १६२ सामने. जवळजवळ रोज एक! तेव्हा हरणारा संघ ज्याच्या नशिबी आला, त्याला आठवड्यातून एकदा दुःख करून भागत नाही. दुधवाल्यासारखे ते रोज सकाळी दारात येते.

मी मूळचा दादरचा, जन्म १९५५ चा. हे सांगायचे कारण असे की, हरणे म्हणजे काय हे मला लहानपणी कोणी शिकवलेच नाही. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत रणजी करंडक सलग पंधरा वर्षे मुंबईने जिंकला. मला कळू लागले तेव्हापासून अठरा वर्षांचा होईपर्यंत दिवाळीनंतर थंडी येते तसा मुंबईकडे करंडक येई. १९७३-७४ ला कर्नाटकाने उपांत्य सामन्यात मुंबईला हरवले, तेव्हा आमचे वडील रात्री नुसते ताक पिऊन झोपले. पुढल्या वर्षी करंडक परत आला आणि वडिलांची भूकही. अशा घरात वाढलेला मुलगा मी.

धातुशास्त्र शिकण्यासाठी ऑगस्ट १९७९ मध्ये मी पिट्सबर्गला आलो. तीन नद्यांच्या संगमावरचे, डोंगरांत वसलेले, धुराने काळवंडलेले पोलादाचे गाव. मी भाड्याने राहत होतो त्याच्या शेजारच्या घरात पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला एक स्लोव्हाक म्हातारा राही. संध्याकाळी तो ओट्यावर रेडिओ लावून बसे. मी एकटा, घरची आठवण येणारा. जाऊन बसू लागलो. त्याने मला बेसबॉल शिकवला, मी त्याला आल्याचा चहा शिकवला.

आणि पहा काय योग! त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला पायरेट्सनी जागतिक अजिंक्यपद जिंकले. बाल्टिमोरविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत तीन-एक असे मागे पडले होते, तिथून उठून चार-तीन असे जिंकले. कप्तान विली स्टारजेल एकोणचाळीस वर्षांचा. त्याला सारे 'पॉप्स' म्हणत, म्हणजे आपल्याकडच्या 'अण्णा'सारखेच. चांगला खेळ करणाऱ्या साथीदाराला तो टोपीवर लावायला एक चांदणी देई आणि मोठमोठे खेळाडू ती शाळकरी पोरांसारखी मिरवीत. शेवटच्या सामन्यात निर्णायक फटका मारला तो त्यानेच. त्या रात्री मी रस्त्यावर अनोळखी माणसांच्या गळ्यात पडलो. मला वाटले, या गावीही आपल्या मुंबईसारखेच दिसते!

त्यानंतर पायरेट्सनी ते अजिंक्यपद पुन्हा जिंकलेले मी २०२५ च्या अखेरपर्यंत पाहिलेले नाही.

शेजारच्या म्हाताऱ्याने मात्र मला तेव्हाच सावध केले होते. तो म्हणे, १९५२ साली हाच संघ ११२ सामने हरला होता, लोक मैदानावर करमणुकीसाठी जात. पण तेव्हा कारभार ब्रँच रिकी या माणसाच्या हाती होता. त्याने कोवळी पोरे गोळा केली, वाढवली, दम धरला. १९५४ च्या हिवाळ्यात ब्रुकलिनच्या संघाकडून रॉबर्टो क्लेमेंटे नावाचा पोर्टो रिकोचा एक पोरगा चार हजार डॉलरला उचलला. आणि १३ ऑक्टोबर १९६० ला, सातव्या सामन्याच्या अगदी शेवटी, बिल मॅझरॉस्कीने चेंडू भिंतीबाहेर टोलवून न्यूयॉर्कच्या यांकीजना घरी पाठवले. म्हातारा सांगे, "आठ वर्षं लागली. पण त्यांनी लावलेलं झाड त्यांनीच राखलं."

हे वाक्य मी तेव्हा सहज ऐकून सोडून दिले.

मधली वर्षे भराभर सांगतो. पोलादाचे कारखाने बसले. होमस्टेडचा तो अवाढव्य कारखाना १९८६ ला कायमचा बंद झाला. मला प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून वाचलो. लग्न झाले, ही आली, १९८४ ला मुलगा झाला. पायरेट्स पुन्हा वर येऊ लागले, आणि तो आठ वर्षांचा असताना १४ ऑक्टोबर १९९२ ची ती रात्र आली.

अटलांटाविरुद्धचा सातवा सामना. जिंकले की अंतिम मालिका. नवव्या डावात आमच्या दोन धावा, त्यांचे शून्य. मुलगा पांघरूण घेऊन दूरचित्रवाणीसमोर बसलेला. हिने दोनदा "शाळा आहे उद्या" म्हणून पाहिले आणि मग स्वतःच येऊन बसली. बघता बघता दोनाला एक झाले. शेवटचा गडी बाद व्हायचा होता. फ्रान्सिस्को कॅब्रेरा नावाच्या, आम्ही कधी न ऐकलेल्या राखीव खेळाडूने डावीकडे फटका मारला. एक धाव आली, बरोबरी झाली. आणि तिच्यामागून दुसऱ्या बेसवरून सिड ब्रीम धावत सुटला. हा ब्रीम आधी आमच्याच संघात होता. गुडघ्यांनी अधू, साऱ्या संघात मंद. बॅरी बाँड्सने चेंडू फेकला, आणि ब्रीम घसरत घसरत चेंडूच्या वीतभर आधी पोहोचला. खेळ खलास.

मुलगा ओरडला नाही. पांघरूण डोक्यावर ओढून हुंदके देऊ लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "पुढच्या वर्षी, बाळा."

पुढच्या वर्षी बाँड्स संघ सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्याचा करार संपला होता आणि तिकडे जेवढे पैसे मिळाले तेवढे द्यायची इथे कोणाची तयारी नव्हती. १९९३ ला संघ जिंकला त्यापेक्षा जास्त हरला. १९९४ ला हरला. असे करत २०१२ पर्यंत सलग वीस हंगाम! अमेरिकेतल्या चार मोठ्या धंदेवाईक खेळांत इतका लांब पराभवाचा सिलसिला दुसऱ्या कोणत्याही संघाने केलेला नाही. माझा मुलगा तिसरीतून दहावीत गेला, कॉलेजात गेला, नोकरीला लागला, त्याचे लग्न ठरले; आणि 'पुढच्या वर्षी' काही आले नाही. लहानपणी तो दर वसंतात विचारी, "बाबा, यंदा?" पंधराव्या वर्षी त्याने विचारणे सोडले.

आता कोणी म्हणेल, त्यात एवढे काय? जग आहे, कोणी जिंकणार, कोणी हरणार. खरे आहे. हरल्याचा राग मला नाही. संघ गरीब म्हणून हरला असता तर मी त्याच्यावर अधिकच माया केली असती. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

माझे आजोळ रत्नागिरीजवळचे. मामांच्या शेजारी एकाची कलमांची रोपवाटिका होती. तो हापूसची उत्तम कलमे बांधी, पाणी घाली, वाऱ्यापासून जपे. आणि नेमका मोहर धरायच्या सुमारास कलम विकून टाकी. त्याचा तो धंदा होता, त्यात गैर काही नव्हते. पण तो दारावर 'आंबे मिळतील' अशी पाटी लावून, लोकांकडून दरवर्षी आंब्यांचे पैसे आगाऊ घेत नव्हता! पायरेट्सचे नेमके हेच चालले आहे. आम्ही रोपवाटिका आहोत. मोहर आमच्याकडे, फळ दुसऱ्यांच्या बागेत.

आमच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या जर्स्यांचा एक गठ्ठा आहे. सगळ्यात खाली बाँड्सची, मुलाची, आठ वर्षांच्या मापाची. तिच्यावर अरामिस रामिरेझ. ऐन पंचविशीत, हात नुकता बसू लागलेला असताना, २००३ साली त्याला शिकागोच्या स्वाधीन केले, कारण कर्जाचा बोजा हलका करायचा होता. त्यावर जेसन बे, २००८ ला बोस्टनला गेला. मग अँड्र्यू मॅककचेन आणि गेरिट कोल. त्यांची हकिगत पुढे येईलच. ही दर वसंतात तो गठ्ठा झटकून उन्हात टाकते आणि म्हणते, "अहो, सगळी विकली गेलेली मुलं आहेत ही." एकदा पाहुण्यांदेखत म्हणाली, पाहुण्यांना काही भलतेच वाटले.

गंमत म्हणजे या संघाला 'पायरेट्स' हे नाव पडले तेच लुटारूपणामुळे. १८९०-९१ च्या सुमारास याने दुसऱ्यांचा एक खेळाडू पळवला, तेव्हा प्रतिपक्षाने याला चाचे म्हणून शिवी दिली. यांनी ती शिवीच नाव म्हणून लावून घेतली. आता सव्वाशे वर्षांनी लुटायला इतर येतात, आणि आमचे चाचे त्यांना माल होडीत चढवून देतात.

मालकपक्षाची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, पिट्सबर्ग लहान बाजारपेठ आहे. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसची बरोबरी कशी करणार? या म्हणण्यात तथ्य आहेच. अमेरिकी फुटबॉलमध्ये आणि बर्फावरच्या हॉकीत खेळाडूंच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आहे, तशी बेसबॉलमध्ये नाही. २०२५ ला लॉस एंजेलिसचा पगारखर्च आमच्या तिपटीहून जास्त होता. याच गावचे फुटबॉलवाले स्टीलर्स सहा वेळा आणि हॉकीवाले पेंग्विन्स पाच वेळा अजिंक्य झाले, त्यात या मर्यादेचाही वाटा आहे.

पण मग मिलवॉकीचे काय? ती बाजारपेठ आमच्याहूनही लहान. २०२५ ला तीसही संघांत सर्वांत जास्त, ९७, सामने त्यांनी जिंकले. शिवाय बेसबॉलमध्ये श्रीमंतांनी गरिबांना हात द्यायची सोय आहे. प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नातला ४८ टक्के भाग एका सामाईक निधीत जातो आणि तो सगळ्यांत सारखा वाटला जातो, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या पदरात घातल्यापेक्षा जास्त पडते. हा पैसा संघ सुधारण्यावर खर्च व्हावा, अशी अट आहे. २०१० ला संघाचे हिशेबाचे कागद वर्तमानपत्रांच्या हाती लागले. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत, जेव्हा आम्ही आमच्या गटात तळाला होतो, तेव्हा मिळून सुमारे २.९ कोटी डॉलरचा नफा झालेला होता! मालकपक्षाचे म्हणणे, तो पैसा कर्ज फेडण्यात, कर भरण्यात आणि संघातच गेला. असेल. २०१८ ला खेळाडूंच्या संघटनेने आमच्यासह चार संघांविरुद्ध याच कारणासाठी तक्रार गुदरली.

मैदानाचीही अशीच कथा. १९९७ ला नव्या मैदानांसाठी कर वाढवायचा प्रस्ताव मतदारांपुढे आला; लोकांनी तो फेटाळला. मग पुढल्या वर्षी दुसऱ्या वाटेने सार्वजनिक पैसा उभा केला गेला आणि २००१ ला नदीकाठी मैदान उभे राहिले. मैदान मात्र असे सुंदर की बोलता सोय नाही. उजवीकडची भिंत एकवीस फूट उंच, कारण क्लेमेंटेचा आकडा २१. त्यापलीकडे नदी, क्लेमेंटेच्याच नावाचा पिवळा पूल आणि शहराच्या इमारती. सामन्याच्या दिवशी पुलावरची मोटारींची रहदारी बंद असते, आणि पोरेबाळे खांद्यावर घेऊन लोक चालत येतात. मला कधीकधी वाटते, हे मैदान इतके सुंदर नसते तर मालकांना आमची पर्वा थोडी जास्त करावी लागली असती.

हा क्लेमेंटे कोण होता तेही ऐका. त्याने बरोबर तीन हजार यशस्वी फटके मारले. ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन स्वतः विमानात बसला आणि ते विमान समुद्रात कोसळले. या गावात त्याचे नाव संतासारखे घेतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये लोकांच्या लक्षात आले की, त्याच्या भिंतीवरच्या '२१' या खुणेवर एका पेयाची जाहिरात चिकटवली आहे. बोंब झाली, त्याच्या मुलाने निषेध केला, आणि संघाने माफी मागून खूण परत आणली. त्याच सुमारास मैदानाबाहेरच्या विटांचे प्रकरण निघाले. मैदान बांधताना लोकांनी पैसे भरून आपली, आपल्या गेलेल्या वडिलांची नावे विटांवर कोरून घेतली होती. त्या विटा उखडून भंगारात गेल्याची छायाचित्रे छापून आली. पुढे नावे पुन्हा लावण्याचे आश्वासन देण्यात आले. माझी वीट त्यात नव्हती. २००१ ला मुलाच्या शिक्षणाची बेगमी करीत होतो, पैसे भरवले नाहीत. त्या दिवशी प्रथमच माझ्या कंजूषपणाचे मला बरे वाटले.

मधे एक आनंदाची गोष्ट राहिलीच. २००८ च्या नोव्हेंबरात पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन पोरांना करारावर घेतले. (हा रिंकू म्हणजे हल्लीचा क्रिकेटपटू नव्हे.) दोघे भालाफेकीतले, दूरचित्रवाणीवरच्या चेंडू फेकण्याच्या स्पर्धेतून निवडलेले. अमेरिकी बेसबॉलमध्ये करार मिळालेले ते पहिले भारतीय. आमच्या ओळखीतल्या सगळ्या घरांतून त्या आठवड्यात हीच चर्चा. दोघेही मुख्य संघापर्यंत पोहोचले नाहीत, पण त्यांच्यावर २०१४ ला चित्रपट निघाला.

आणि मग २०१३. वीस वर्षांचा वनवास संपला. संघ बाद फेरीत आला. १ ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्ध एकच सामना, हरला तो घरी. मुलाने दोन तिकिटे काढली. चाळीस हजारांवर माणूस, बहुतेक सगळे काळ्या कपड्यांत. सिनसिनाटीचा गोलंदाज जॉनी क्वेटो. लोकांनी त्याच्या नावाचा सुरात, लांबवून घोष सुरू केला, "क्वे-टोऽऽ, क्वे-टोऽऽ." त्याच्या हातातून चेंडू निसटून खाली पडला. सारे मैदान हसले. आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने तो भिंतीबाहेर टोलवला. माझा एकोणतीस वर्षांचा, मिशी ठेवलेला मुलगा माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडत होता, आणि मी पुन्हा त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. या वेळी काही बोलावे लागले नाही.

त्या मालिकेत पुढे हरलो, पण वाटले, आता दिवस पालटले. २०१४ ला पुन्हा तोच एकटा सामना. शून्याला आठ हरलो. २०१५ ला तर ९८ सामने जिंकले, आणि पुन्हा तोच एक सामना, शून्याला चार. दोन वर्षांत मिळून एक धाव नाही! तरी हरकत नव्हती. संघ तरुण होता, आणखी एक-दोन चांगले खेळाडू विकत आणले असते तर बाग फळाला येण्याच्या बेतात होती. आणि इथेच त्या म्हाताऱ्याचे वाक्य मला आठवले. २०१८ च्या जानेवारीत, एकाच आठवड्यात, कोल ह्यूस्टनला गेला आणि मॅककचेन सॅन फ्रान्सिस्कोला. कोल हा २०११ च्या निवडीतला देशातला पहिला. पुढे तो न्यूयॉर्कला गेला आणि २०२३ ला आपल्या विभागातला सर्वोत्तम गोलंदाज ठरला. त्याच २०१८ च्या जुलैत एकदा धीर करून खरेदी केली तीही अशी की, क्रिस आर्चर या एका गोलंदाजासाठी ग्लास्नाउ, मेडोज आणि बाझ असे तीन उमदे पोरगे देऊन बसले. आर्चर लवकरच विझला.

त्या दिवसापासून मुलाने मैदानात पाऊल टाकले नाही. २०१९ अखेर कारभारी बदलले आणि 'पुनर्बांधणी' हा शब्द पुन्हा ऐकू येऊ लागला. पुनर्बांधणी वाईट नव्हे. रिकीनेही तीच केली होती. पण त्याने बांधलेल्या घरात लोक राहायला गेले. आमच्याकडे छपराची वेळ आली की पाया पुन्हा खणायला घेतात.

म्हणून नातवाने स्कीन्सची जर्सी मागितली तेव्हा मुलगा बिथरला. पॉल स्कीन्स हा २०२३ चा पहिला निवडलेला खेळाडू, सहा फूट सहा इंच उंच, चेंडू ताशी शंभर मैलांच्या घरात. मे २०२४ मध्ये मुख्य संघात आला आणि वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. मुलगा म्हणाला, "हा दुसरा कोल आहे बाबा. याला जीव लावायचा आणि मग एक दिवस सकाळी उठून बातमी वाचायची. मी सगळं पाहिलंय. त्याला नको."

मला उत्तर सुचले नाही. जर्सी राहिली. पण ४ एप्रिलला घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला मी नातवाला घेऊन गेलो. तेवढी परवानगी सुनेने मिळवून दिली. सामना सुरू व्हायच्या आधीच आकाशात एक लहान विमान घिरट्या घालू लागले, मागे फलक लावलेला: संघ विका. थोड्या वेळाने लोकही तेच ओरडू लागले. नातवाने विचारले, "आजोबा, हे आपल्याच टीमवर का ओरडतायत?" मी म्हणालो, "टीमवर नाही रे, मालकावर." तो थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "पण ऐकू तर टीमलाच येतंय."

सामना हरलो हे सांगायला नकोच.

मे महिन्यात १२ विजय आणि २६ पराभव झाल्यावर मैदानावरच्या मॅनेजरला काढले. आमटी पाणचट झाली म्हणून आचाऱ्याला हाकलले. डाळ कोणी आणून दिली नव्हती ते कोणी विचारले नाही. जुलैअखेर डेव्हिड बेडनार, जो याच परिसरातल्या गावात, याच संघावर माया करत वाढला, तो यांकीजकडे गेला. केब्रायन हेजला २०२२ ला आठ वर्षांचा करार देऊन 'हा आपला' म्हटले होते, तोही गेला. हंगामाअखेर ७१ विजय, ९१ पराभव. होमरन मारण्यात तीस संघांत शेवटचे.

आणि स्कीन्स? नऊ डावांमागे सरासरी १.९७ धावा! दोनाच्या आत! नोव्हेंबरमध्ये मतदारांनी एकमुखाने त्याला वर्षातला सर्वोत्तम गोलंदाज ठरवले. त्याच्या नावावर विजय किती? दहा. पराभव? दहा. एखाद्या गोलंदाजाने प्रतिपक्षाला शंभराच्या आत गुंडाळावे आणि आपल्या फलंदाजांनी नव्वदावर बाद व्हावे, तसे वर्षभर चालले होते. वर पुन्हा आशा आहेच. कॉनर ग्रिफिन नावाचा मिसिसिपीचा एक पोरगा २०२४ ला शाळेतून घेतला. २०२५ अखेर होतकरू खेळाडूंच्या याद्यांत तो देशात पहिला होता. हिवाळ्यात ब्रँडन लो आणि रायन ओहर्न असे दोन फलंदाजही आणले. चांगले केले. मी आनंदी व्हायला अगदी तयार असतो. माझा हा गुण मालकांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

त्याआधी, ऑक्टोबरात, दिवाळी आली. नातवाला दिवाळीचा कपडा काय घ्यायचा म्हणून हिने विचारले, तर त्याने पुन्हा तेच सांगितले. मुलगा समोरच करंज्या खात बसला होता. त्याने बशी खाली ठेवली आणि पोराला जवळ घेऊन शांतपणे हिशेब सांगितला: नियमाप्रमाणे २०२९ चा हंगाम संपला की स्कीन्स मोकळा होणार, जास्त पैसे देईल तिकडे जाणार, किंवा त्याच्या आधीच आपले लोक त्याला देऊन टाकणार. तेव्हा ही जर्सी घेऊ नये.

पोराने बोटांवर मोजले. "२०२९ म्हणजे मी तेरा वर्षांचा असेन?"

"हो."

"म्हणजे अजून चार वर्षं आहेत!" असे म्हणून तो इतका खूश झाला की मुलाला पुढे काय बोलावे कळेना. त्याने माझ्याकडे पाहिले. मी कंदिलाकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी मुलगाच मोटार काढून आम्हांला दुकानात घेऊन गेला. आत आला नाही, बाहेर बसून राहिला. दुकानातल्या मुलीने नातवाच्या अंगाला बरोबर बसणारी जर्सी काढून दिली. हिने ती उलटून पाहिली, शिवण तपासली आणि दोन मापे मोठी मागितली.